मिठाला पाणी लागले नाही

त्या वर्षी खुशालनाथ महाराजांचा मुक्काम खाडीकाठच्या खारसोली गावी होता. गाव मिठागरांचे. कोंडीचा, म्हणजे मिठाच्या वाफ्याचा, चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग भरतीचे पाणी आत घ्यायचे. उन्हाने ते आटले की तळाशी मीठ धरते. ऐन तुडवणीत महाराज तापाने फणफणले, आणि गावातली विधवा गोमाबाय सगळे काम टाकून आठ दिवस त्यांच्या उशाशी बसली. पुढे इतरांचे मीठ निघाले. तिच्या कोंडीत मात्र अजून नुसते पाणीच!

मुकादम धर्माजी बांधावरून हसला. "काय गो गोमे, तुझा साधूबाबा मीठ पाडनार काय? आज सांजपर्यंत दाना दिसला नाय, तर हे आगर दुसऱ्याला देईन."

आगर गेले तर बिचारीने खायचे काय? त्यात दुपारीच दक्षिणेकडून काळे ढग चढू लागले. अवकाळी पाऊस म्हणजे उरलीसुरली आशाही पाण्यात! ती धापा टाकत महाराजांकडे गेली. "महाराज, मी बुडाले वो!"

"भिऊ नकोस, बाय," महाराज म्हणाले. काठी टेकत ते बांधावर आले आणि त्यांनी चिमूटभर मीठ कोंडीत टाकले. काय सांगावे! चिमूट पडली तिथून दाणे धरू लागले, बघता बघता पाणी आटून सारा तळ पांढरा झाला. गोमाबाय फावडे घ्यायला वळते न वळते, तोच पाऊस कोसळला. कोंडीत घोटाभर पाणी साचले.

"गेलं! समदं इरघळलं!" कोंडीकडे बघायचाही तिला धीर होईना.

धर्माजी खाली उतरला. त्याने पाणी चाखले. "गोडं पानी हाय! मंग मीठ गेलं कुठं?" तोच पायाला काहीतरी टोचले. त्याने वाकून मूठ भरली, तर मुठीत टणक मीठ! पुन्हा पाण्यात धरले, पुन्हा बाहेर काढले. एक कण विरघळेना. धर्माजीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"महाराज, मला शाप देऊ नका!"

"शाप कसला रे? फावडे घे. बाय घाबरली आहे, तिचे हात बघ कसे कापताहेत."

जन्मात फावड्याला हात न लावलेला मुकादम भर पावसात मीठ ओढू लागला. सांजेला शेवटची रास बांधावर लागली, तेव्हा त्याने महाराजांच्या चरणी डोके टेकले. मग चिखलातच गोमाबायपुढे वाकला.

"बाय, चुकलो. आगर तुजंच."