साळूने लावलेला कौल

शके १८९४, माघ महिना, शिशिर ऋतू. त्या साली पाऊस नीट झाला नव्हता आणि ओढे पौषातच आटले होते. मुलांनो, नीट ऐका. मी एकदाच सांगणार आहे.

डोंगरावरच्या एका देवराईत एक साळू आपल्या पिलाला घेऊन राहत होती. तिचे काटे टोकदार होते आणि स्वभावही तसाच. देवराईत देवाची एक शिळा होती. प्राणी तिच्यावर दवाने भिजलेले फूल चिकटवून कौल लावत. फूल उजवीकडे पडले, तर देव हो म्हणाला. डावीकडे पडले, तर नाही म्हणाला. शेजारच्या मुंगसाने पाणी मागितले. त्याचे फूल उजवीकडे पडले आणि थोड्याच दिवसांत त्याच्या बिळाशी झरा लागला. साळूनेही तेच मागितले, "देवा, माझं पोर तहानेनं मरेल. माझ्या बिळात पाणी दे." तिचे फूल पडलेच नाही. ती रोज नवे लावी. ते शिळेवरच सुकून जाई.

साळू बीळ खणत राहिली. हाती नुसता मुरूम लागे. पलीकडे मुंगसाची पोरे पाण्यात खेळत, तो आवाज तिला सोसेना. मुंगसाने दोनदा येऊन पाणी प्यायला बोलावले. तिने पाठ फिरवून काटे उभारले. झाडावरून म्हातारे वानर म्हणाले, "साळूबाई, तहान लागली आहे की शेजारी सलतो आहे?" ती पुन्हा मुरूम उकरू लागली.

एके सकाळी ती शिळेपुढे गेली. फूल लावले आणि म्हणाली, "माझं राहू दे. त्याचा झरा आटव."

फूल लगेच पडले. डावीकडे.

म्हणजे देव इतके दिवस ऐकत होता. ऐकूनही देत नव्हता, हे तिला जास्तच झोंबले. तणतणत ती घरी आली. पिलू बिळाच्या तोंडाशी उभे होते आणि त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होते. कुठे प्यायलास, असे तिने दरडावून विचारले.

"मुंगूसकाकांकडे. रोजच पितो," पिलू म्हणाले. "ते म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला लागेल."

साळूला वाटत होते, आपण चारलेल्या कंदांच्या ओलीवर पोर जगते आहे. आज देवाने तिचे ऐकले असते, तर ते पोर जगले नसते. तिने शिळेच्या दिशेने मान लववली. पुन्हा कौल लावायला ती गेली नाही.

वैशाखात झऱ्याची धार बारीक झाली. खाली घट्ट मुरूम होता आणि मुंगसाच्या नख्या त्यापुढे चालेनात. साळू न बोलावता तिथे गेली. मुंगूस संकोचून म्हणाला, "वहिनी, तुमचं बीळ अजून खणायचं राहिलंय."

"ते राहू दे. बाजूला सरा," साळू म्हणाली.

तिने मुरूम फोडला आणि झरा हातभर खोल केला. पाणी पुन्हा भरले. पोराने प्यायलेल्या पाण्याचे ऋण फिटले.

तात्पर्य : देव मुका नसतो. कधी कधी आपले मागणे त्याने शेजाऱ्याच्या दारी पुरवलेले असते, पण जळक्या डोळ्यांना ते दिसत नाही.