शंखपुष्पीचा विसावा

त्रेतायुग अर्धेअधिक सरले असता, मेघांनी पाठ फिरविलेल्या एका खडकाळ माळावर दीर्घव्रत नामक महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. आश्रम म्हणायचा तो आपला रीतीने. ना बकुळ-अशोकांची शीतल छाया, ना मृगांचे कळप. नुसत्या बोरी-बाभळी आणि तापलेले धोंडे. पर्जन्य यावा म्हणून ऋषींनी वरुणदेवाचे द्वादशवार्षिक व्रत आरंभिले होते. रोज सूर्योदयी देवाला एक ताजे पुष्प वाहायचे. एक दिवस चुकला, तर सारे तप मातीमोल. व्रत ऋषींचे खरे, पण पायपीट त्यांची पत्नी शमीका हिची! जवळची झाडे वाळत गेली, तसतशी तिची वाट लांबत गेली. हुंगलेले फूल देवाला चालत नाही, म्हणून फूल आणताना ती बापडी नाकावर पदर बांधीत असे.

व्रताच्या अखेरच्या पहाटे माळ धुंडाळता धुंडाळता तिच्या पायांचे तुकडे पडले. अखेर एका धोंड्याच्या कडेला, भुईसरपट वेलीवर, शंखपुष्पीचे नखाएवढे निळे फूल दिसले. ते खुडून ती मटकन खाली बसली. घाम पुसायला पदर सोडला मात्र, मंद सुगंध आला आणि शिणल्या जिवाने तिने फूल नाकाशी नेले.

"अगं बाई, हे काय करून बसले मी!"

दुसरे शोधायला ना वेळ होता, ना त्राण. ती तशीच परतली आणि म्हणाली, "नाथ, हे फूल मी हुंगले आहे."

ऋषींचे नेत्र आरक्त झाले. "हतभागिनी! द्वादश वर्षांचे तप एका श्वासात भस्म केलेस!" त्यांनी शापोदक ओंजळीत घेतले.

"द्या शाप," शमीका उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "आता भ्यायचेसुद्धा बळ उरले नाही, स्वामी."

ते तिच्यावर टाकणे ऋषींच्याने होईना. पण उचललेले शापोदक परत ठेवता येत नाही! त्यांनी ते फुलावर टाकले. "हे मोहक पुष्पा, तू निर्गंध होशील!"

तत्क्षणी वरुणदेव प्रकटले. "ऋषिवर्य, हिने लपविले असते, तर व्रत मोडले असते. हे पुष्प मला पोचले, पर्जन्य येईल. साध्वी, वर माग. संतती, ऐश्वर्य, स्वर्ग?"

"स्वर्ग फार लांब आहे हो, देवा. मला इथेच निजू द्या. आणि माझ्यापायी शापलेल्या ह्या बिचाऱ्या फुलालाही दुपारचा विसावा द्या."

"तथास्तु!"

मुसळधार पाऊस कोसळला. शमीकेला तो ऐकूही गेला नाही.

तेव्हापासून शंखपुष्पीला गंध नाही. सकाळी ती माळावर निळीनिळी उमलते, पण ऊन माथ्यावर आले की मिटते. मग पूजेला साक्षात वरुणदेव का उभे राहीनात, दुसऱ्या सकाळपर्यंत ती डोळा उघडत नाही.