वाळूतला तांडा आणि दुसरी सभा

पूर्वी वाळवंटाच्या काठावरील शंखवती नगरीत उदयसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला. वयात आल्यावर त्याला राजसभेत सर्वांत शेवटचे आसन मिळाले.

त्या सभेचा एक रिवाज होता. तिथे कुणी कुणाला काम सांगत नसे. सगळे सभासद वयाने आणि मानाने मोठे. भर सभेत एखाद्याचे नाव घेऊन काम सोपवणे म्हणजे त्याला घरगडी समजणे, असे मानले जाई. म्हणून काय व्हायला हवे तेवढे ठरे, सगळे 'साधू, साधू' म्हणत आणि विडा घेऊन घरी जात. नेहमीची कामे तरीही होत, कारण ती नोकरांना ठाऊक असत. पूर्वी कधी न केलेले काम मात्र तसेच राहून जाई.

एकदा वाळवंटातून एक गाडीवान पायी नगरात पोहोचला. त्याचे ओठ फाटले होते. व्यापाऱ्यांचा तांडा अर्ध्या वाटेवरच्या मुक्कामी अडकला होता. तिथली विहीर वाळूने बुजली होती आणि माणसे उरलेले पाणी घोटाघोटाने वाटून घेत होती. सभा भरली. वृद्ध महामंत्री वप्पकाने रिवाजाप्रमाणे आधी राजाच्या पूर्वजांची स्तुती म्हटली. मग सर्वांनी हळहळ व्यक्त केली. तांड्याला ताबडतोब पाणी धाडायचे ठरले. बोधिसत्त्वासकट सगळे 'साधू' म्हणाले आणि सभा उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोणा नावाची एक स्त्री बोधिसत्त्वाच्या दारात आली. तिचा नवरा त्या तांड्याचा वाटाड्या होता.

ती म्हणाली, "अमात्य, पाणी पाठवायचं ठरलं म्हणे."

"ठरलं, ताई. परवाच ठरलं."

"मग गाड्या कुठल्या वाटेनं गेल्या? मी आत्ता सेनापतींच्या गोठ्यावरून आले. बैल सगळे दावणीला आहेत. चांगले रवंथ करतायत."

 बोधिसत्त्वाने उपरणे घेतले आणि तो तडक सेनापती अजकर्णाकडे गेला.

"बैल केव्हाचे तयार आहेत," अजकर्ण म्हणाला. "पण रिकाम्या गाड्या हाकू का? पखाली भांडारातून यायला हव्यात. त्या तिष्यकानं नकोत का पाठवायला?"

तिथून तो भांडारात गेला तेव्हा भांडारपती तिष्यक म्हणाला, "पखाली भरून ठेवल्या की पाणी नासतं. गाड्या दारात आल्या की भरायच्या, त्याला कितीसा वेळ? पण गाड्याच आल्या नाहीत. मला वाटलं, बेत रद्द झाला."

"विचारलं नाहीत?"

"मी आपणहून विचारायला जाऊ? अजकर्ण मागच्या होळीपासून माझ्याशी धड बोलत नाही."

शेवटी बोधिसत्त्व महामंत्र्याकडे गेला. सीमेवरचे नाके महामंत्र्याची मुद्रा पाहिल्याशिवाय उघडत नसे. वप्पक झोपाळ्यावर बसला होता. गाड्या निघाल्या नाहीत हे ऐकून त्याचा हात झोपाळ्याच्या कडीवरच राहिला.

"मी समजलो, अजकर्ण निघालासुद्धा," तो म्हणाला.

"आपण त्यांना सांगितलं होतं?"

"सभेत कसं सांगू, बाळ? तो काय माझा माणूस आहे?"

बोधिसत्त्व त्याच्या शेजारी बसला. या माणसांपैकी कुणीही निर्दय नव्हते. तांड्याची आठवण निघाली की तिघांचेही डोळे भरून येत होते. पाणी मात्र नगरातच होते.

तो म्हणाला, "आज दुपारी पुन्हा बसू या. फक्त ज्यांच्याकडे बैल, पखाली आणि मुद्रा आहे ते. एकच गोष्ट बोलायची, मावळतीच्या आत पाणी वेशीबाहेर पडायला काय काय लागेल. आणि आर्य, रागावणार नसाल तर एक मागतो. आज स्तुती नको."

"तीस वर्षं म्हणतोय मी ती."

"म्हणून तर तुम्हालाच विचारायला आलो. तुम्ही गप्प बसलात तर बाकीचे आपोआप मुद्द्यावर येतील."

वप्पकाला ते लागले.  "तुझ्या वयाला आम्ही मोठ्यांपुढं तोंड उघडत नव्हतो," तो म्हणाला आणि मग हळूच, "बरं, नाही म्हणत," असेही म्हणाला.

एव्हाना बातमी राजाच्या कानी गेली होती. त्याने बोधिसत्त्वाला एकट्याला बोलावले. राजा संतापला होता.

"कुणामुळं राहिलं हे? एक नाव सांग. त्याचं आसन आजपासून तुझं. वप्पक असेल तर महामंत्रिपद तुझं."

बोधिसत्त्व तरुण होता, सभेतले कंटाळवाणे दिवस त्यानेही सोसले होते आणि ते आसन त्याला शोभलेही असते. पण तो म्हणाला, "महाराज, आता नाव शोधायला बसलो तर जो तो आपला बचाव करील. बैलवाला पखालींकडे बोट दाखवील, पखालीवाला बैलांकडे. तेवढ्यात दुपार जाईल. मला आसन नको, दुपार हवी आहे."

"आणि पुन्हा सगळे साधू साधू करून घरी गेले तर?"

"एवढ्यासाठी आणखी एक आसन मांडायची परवानगी द्या."

राजाने ती दिली.

दुपारी सभासद आले तेव्हा आसने ओळीत नव्हती, गोल मांडली होती. त्यातल्या एका आसनावर सोणा बसली होती. सभेत वाटाड्याची बायको पाहून तिष्यकाने भुवया उंचावल्या. वप्पक सरळ जाऊन तिच्या समोर बसला, तेव्हा बाकीचेही बसले.

बोधिसत्त्वाने प्रश्न मांडला. अजकर्ण खाकरला. "बैलांचं निघालंच आहे तर गोठ्याच्या छपराविषयी एकदा बोलायला हवं. गेली दोन वर्षं मी—"

"छप्पर गळतं हे खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय. परवा त्याच्यासाठीच बसू, मी आपल्याकडे येतो. आज पाणी."

अजकर्ण बैलांवर आला, तिष्यक पखालींवर. मग, सगळे नेहमी जिथे थांबत, तिथेच ही सभाही येऊन थांबली. काय लागेल ते सर्वांना कळले होते. कोण आणील हे कुणी विचारत नव्हते.

बोधिसत्त्व म्हणाला, "मी वयानं लहान आहे. मी कुणाला काही सांगणार नाही आणि इथं कुणी कुणाला सांगू नये. फक्त या बाईंना घरी जायचंय. जाताना त्यांना कळू द्या, कुणाकडून काय येणार आहे. ज्याचं त्यानं त्यांना सांगावं."

 सोणाने अजकर्णाकडे पाहिले. ती रडत नव्हती, नुसती वाट पाहत होती. भर सभेत अजकर्णाला कुणी काम सांगितले असते तर तो उठून गेला असता. पण हे वाट पाहणे त्याला सहन होईना.

"ताई," तो म्हणाला, "बैल मी जुंपतो. गाड्या घटकाभरात भांडारापुढं उभ्या राहतील."

"पखाली?" सोणाने विचारले.

"माझ्या," तिष्यक म्हणाला. मग त्याने अजकर्णाकडे वळून, होळीनंतर पहिल्यांदाच सरळ त्याला विचारले, "मागच्या दारानं आणशील का गाड्या? विहीर तिकडं जवळ आहे."

"आणतो."

"आणि नाक्यावर अडवलं तर?" सोणा म्हणाली. "मागच्या खेपेलाही सगळं ठरलं होतं. या वेळी नाही झालं तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

सभेत असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. वप्पकाने बोटातली मुद्रा काढली, तिच्याकडे पाहिले आणि परत बोटात घातली.

"माझ्या दारात," तो म्हणाला. "पण मी घरी नसेन. मी पहिल्या गाडीवर असेन. मुद्रा माझ्याबरोबरच बरी."

उठण्याआधी बोधिसत्त्वाने सोणाला विनंती केली, कुणाकडून काय येणार ते एकदा म्हणून दाखवा. तिने तिघांची नावे घेऊन म्हणून दाखवले. त्या सभागृहात एखाद्या मोठ्या माणसाचे नाव कामाबरोबर पहिल्यांदा घेतले गेले ते असे, आणि त्यात कुणालाही अपमान वाटला नाही. उन्हे कलायच्या आत गाड्या वेशीबाहेर पडल्या. पायी आलेला गाडीवान पहिल्या गाडीत वप्पकाशेजारी पडून वाट दाखवीत होता.

तांडा सापडला. सोणाचा नवरा जिवंत परतला. मात्र एक म्हातारा व्यापारी गाड्या पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. पहिल्या सभेनंतर लगेच पाणी निघाले असते तर तो वाचला असता. बोधिसत्त्वाने हे कुणालाही बोलून दाखवले नाही. तशी गरजही नव्हती. वप्पकाने त्या म्हाताऱ्याला स्वतःच्या हातांनी अग्नी दिला होता. त्यानंतर राजाने महामंत्र्याच्या आसनाची गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, आता त्या आसनावर त्यांच्याइतका योग्य कुणी नाही."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. नदीपलीकडच्या गुहेत एक भिक्षू तापाने पडला होता. त्याला औषध पोहोचवायचे असे संघाने एकमताने ठरवले होते, आणि औषधाचे मडके दोन दिवस विहाराच्या दाराशीच होते.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अजकर्ण आणि तिष्यक म्हणजे तुमच्यातले हे दोघे, जे आत्ता एकमेकांकडे पाहत आहेत. सोणा म्हणजे मडके तिथेच असल्याचे मला येऊन सांगणारी ती उपासिका. उदयसेन राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा गृहपती. वप्पक म्हणजे संघातला सर्वांत ज्येष्ठ स्थविर. आणि शेवटच्या आसनावरचा अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे परिपूर्णतेला नेणारा गुण, आचरली, तिचे नाव..."

ज्येष्ठ स्थविर नाव ऐकायला थांबला नाही. मडके उचलून तो नदीच्या वाटेला लागला होता.

ती पारमिता अधिष्ठानाची, म्हणजे ठरवलेले तडीस नेण्याची होती.