आख्खी भाकरी

"सगळं केलं, आक्का. मग हिचं तोंड बरं का होत नाही?"

मी हे विचारलं तेव्हा आक्का मठाच्या ओसरीवर अंबाडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं म्हंजे काय काय?"

माझी प्रणाली तेरा वर्षांची आहे. तिच्या दातांना तारा लावल्यात. वरचा एक सुळा हाडातच अडकून बसला होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी चार दिवसांपूर्वी हिरडी कापून तो मोकळा केला, तारेला बांधला आणि वर टाके घातले.

मी बोटांवर मोजत सांगू लागले.

"पहिल्या दिवशी चूळ भरू दिली नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून गालाला लावला, बाहेरनं. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी, खाल्ल्यानंतर. तेही नुसतं तोंडात धरायचं आणि सोडून द्यायचं. तार गालाला टोचते तिथं मॅडमनी दिलेलं मेण लावते. गोळ्या वेळच्या वेळी. तांदळाची पेज, गार करून. तिखट नाही, कडक नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या जखमेवर लवंग दाबून धर, ती मी धरू दिली नाही."

"शहाणी आहेस."

मला बरं वाटलं. "सातवीच शिकले, आक्का. पण मॅडमचा कागद सगळा पाठ आहे मला."

"मग माझ्याकडं कशाला आलीस? माझ्या तोंडात तर एक दात नाही."

आक्कांनी तोंड उघडून दाखवलं. प्रणाली हसायला गेली आणि गाल धरून खाली बसली.

मी तिला जवळ ओढलं.

"बघितलंत? काल सकाळी रक्त आलं, आज पण आलं. सूज उतरत नाही. दोनच्या एस्टीनं जाते आणि ताराच काढून आणते. नकोत आम्हाला सरळ दात. तुम्ही फक्त हो म्हणा."

आमच्या गावात मोठं काही करायचं तर आक्कांना विचारूनच घरातनं निघतात.

आक्कांनी हो म्हटलं नाही.

"आणखी काय केलंस?"

"नवस बोललेय देवीला. ही आख्खी भाकरी खाईल, त्या दिवशी मी अन्नाला हात लावीन. परवापासून नुसत्या चहावर आहे."

हे मी जरा मान ताठ करूनच सांगितलं. आईनं एवढं तरी करावं...

आक्कांचे हात थांबले.

त्यांनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं. "इकडं ये गं पोरी. एक घोट घे. खळखळू नकोस. नुसता धर... हां. आता ह्या वाटीत सोड."

प्रणालीनं पाणी सोडलं. पाणी थोडं लालसर होतं. आक्कांनी वाटी तशीच ठेवून दिली. पाणी निवळलं, तसे तळाशी दोन-तीन करडे कण बसलेले दिसले.

"पेज तांदळाची म्हणालीस."

"हो."

आक्कांनी वाटी माझ्यापुढं सरकवली.

बाजरी होती. घरात बाजरीची भाकरी होते ती हिच्या पप्पांच्या डब्यासाठी.

"कधी खाल्लीस?" आक्कांनी तिला विचारलं.

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं.

"तिच्याकडं नको. माझ्याकडं बघ."

"सकाळी... न्हाणीत. दार लावून."

"भूक लागली म्हणून?"

"नाही. मी खाल्ली म्हणजे आई जेवेल."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"आख्खी व्हायला पाहिजे ना... चतकोरच जाते. काल पण चतकोर, आज पण चतकोर. मग लई दुखतं."

 वर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची पावलं तेवढी वाजत होती.

"मी कुठं तुला चाव म्हणाले?" मी म्हटलं. "मॅडमनी आठवडाभर मऊ खायला सांगितलंय ना..."

"तू जेवत नव्हतीस," ती म्हणाली.

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आतून ताटली घेऊन आल्या. ताटलीत जोंधळ्याची भाकरी आणि डाळ होती.

"हिला नाही चालायची भाकरी," मी घाईनं म्हटलं.

"हिला नाही. हिला ताकभात काढलाय आत."

त्यांनी ताटली माझ्यापुढं ठेवली.

"मला नको, आक्का. नवस आहे."

"मोडला तर?"

"देवी कोपेल."

"कुणावर?"

"...माझ्यावर."

"मग?"

मी ताटलीकडं बघितलं. भीती वाटत होती. अजूनही वाटते, खोटं कशाला बोलू? पण शेजारीच ती वाटी होती, आणि वाटीतली बाजरी दिसत होती.

"माझ्यावरच कोपू दे," मी म्हटलं, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"आणि दोनची एस्टी?"

"जाणार. टाका सुटला असेल तर मॅडमना दाखवायला पाहिजे. काय खाल्लं तेही सांगते, लपवत नाही. आणि तारा..."

मी प्रणालीकडं पाहिलं. ती आतनं ताकभाताची वाटी आणून दोन्ही हातांत धरून उभी होती.

"तारा राहू देत," ती म्हणाली. "वर्षभर सोसलंय. आता नाही काढायच्या."

आक्का पुन्हा अंबाडी निवडायला बसल्या.

घास माझ्या तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. डोळे भरून आले. मी पदर तोंडाला लावला आणि घास तसाच गिळून टाकायला लागले.

आक्कांनी हात लांब करून माझा पदर बाजूला केला.

"पोरगी बघतेय," त्या म्हणाल्या. "नीट चावून खा."