तिसऱ्यांदा ढग आले

“...मग तो ग्रह आहे की नाही, बाबा? एवढं एकच सांगा.”

भीमगिरी गोसावी मठाच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. खगोलशास्त्रज्ञ डॉ. हेमलता सोवनी भर दुपारी टेकडी चढून आल्या होत्या. त्यांनी उंबरठ्यात पाय ठेवताच बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला होता. तो तसाच पडून होता. बाईंना आधी बोलायचं होतं.

“कसला ग्रह?”

“फार लांबचा. दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा. दुर्बिणीतूनही दिसत नाही. ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. तेवढंच.”

“कितीदा झाला कमी?”

“आठ वर्षांपूर्वी एकदा. चार वर्षांपूर्वी एकदा. तिसऱ्यांदा यंदा व्हायचा होता... ढग आले.”

“बरं.”

“तीनदा झाल्याशिवाय आमच्यात ग्रह म्हणत नाहीत. पुढची वेळ चार वर्षांनी, आणि मी दोन वर्षांत निवृत्त होते. आता गप्प बसले तर तिकडे पुन्हा कोणी बघणार नाही. बोलले आणि खोटं निघालं तर सगळे हसतील. मी आजवर एकदाही चुकलेले नाही, बाबा.”

शेवटचं वाक्य त्या ताठ मानेनं बोलल्या, पण आवाजात दम उरला नव्हता. चढणीनं दमल्या होत्याच. त्याहून जास्त त्या वाट पाहून विटल्या होत्या.



“पाणी घे, माय.”

बाई तांब्यासाठी वाकल्या, तेव्हा कुठं त्यांनी बाबांचे डोळे नीट पाहिले. दोन्ही बुबुळांवर पांढरी साय धरली होती.

“तुम्हाला दिसत नाही?”

“उजेड तेवढा कळतो. दारात कुणी आलं की अंधार होतो.”

“मग मघाशी मी आले, ते...”

“अंधार झाला. तांब्या सरकवला.”

“एकदाच झाला ना?”

“एकदाच.”

बाईंना राग आला. बाबांचा आला की स्वतःचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आणि मी नसते तर? एखादं कुत्रं असतं तर?”

बाबांनी चाचपडत तांब्या आणखी थोडा पुढं सरकवला.

“तर कुत्रं पाणी पिऊन गेलं असतं.”