वारूळ सरळ खाली का बसले?

सागाच्या एका जंगलात वाळव्यांचे एक मोठे कुटुंब राहत असे. एका वाळक्या खोडाभोवती माती चढवत चढवत त्यांनी दोन पुरुष उंच वारूळ उभे केले होते. एवढे वारूळ पंचक्रोशीत नव्हते, आणि हे वाळव्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतही. एका सकाळी एका गव्याने त्याला अंग घासले आणि ते जागच्या जागी खाली बसले. निम्मी अंडी मातीखाली गेली. मुलांनो, फार वाईट झाले ते.

तेवढ्यात कोल्हा आला. त्याला वारुळाशी काही देणेघेणे नव्हते, पण आपल्याभोवती गर्दी जमली की त्याला बरे वाटे. "गवा रोजच अंग घासतो," तो हळूच म्हणाला. "मग आजच कसं पडलं? आडवं न पडता सरळ खाली कसं बसलं? आणि पडताना भोकांतून धूळ उडाली, ती मी पाहिली. कुणीतरी आतून पोखरलंय. बुडाशी कोण राहतं, ते मी कशाला सांगू?" बुडाशी बेडूक राहत असे. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

एक म्हातारी वाळवी मात्र ढिगाऱ्यात शिरली आणि खोडाचा तुकडा ओढत घेऊन आली. "हे बघा, नुसतं टरफल उरलंय. आतलं लाकूड आपणच खाल्लं. ते शाबूत होतं तोवर त्यानं गव्याचे धक्के सोसले. आत पोकळ झालं, म्हणून वरचं ओझं आतच बसलं. त्यानं आतली हवा बाहेर ढकलली, तिच्याबरोबर धूळ उडाली. बेडूक आपल्यातल्या एकदोघींना खातो, हे खरं. पण वारूळच पाडलं तर तो जेवणार कुठे?"

"तुलाच बरं एवढं ठाऊक!" वारुळाची पहारेकरीण म्हणाली. "हिचं बेडकाशी संगनमत असेल," मागून कुणीतरी कुजबुजले. आपणच खाल्ले, हे कुणालाच ऐकवत नव्हते.

बेडकाला भर उन्हात हाकलून दिले. दुसऱ्या वाळक्या खोडाभोवती नवे वारूळ उठले, उरलेली सगळी अंडी त्यात ठेवली आणि बुडाशी कडक पहारा बसला. पहारेकरीण दिवसभर बाहेर डोळे लावून बसे आणि भूक लागली की मागे वळून खोडाचा एक घास घेई. बाहेरून कुणीही आले नाही. पावसाळा सरता सरता साधा वारा सुटला आणि तेही वारूळ जागच्या जागी बसले. एकही अंडे वाचले नाही.

कोल्हा धावत आला. "पाहिलंत? बेडकाचा कुणी साथीदार मागे राहिला असणार. तुमच्यातच." वाळव्या एकमेकींकडे रोखून पाहू लागल्या. पहारेकरणीच्या तोंडात मात्र अजून खोडाचा भुसा होता.

तात्पर्य : शंका जरूर घ्यावी, पण तिचे उत्तर समोर आले की ते ऐकावेही. ते नावडते म्हणून जो दुसऱ्यावर पहारा बसवतो, त्याचे पुढचे घरही पडते.