वाघाच्या लेकाची आरोळी

मुलांनो, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक दाट जंगल होतं आणि तिथे एक वाघ राहत असे. आता जंगल म्हटलं की वाघ असायचाच, त्यात नवल काही नाही. वाघाने शिकार करायची, बाकीच्यांनी पळायचं आणि ज्याचे पाय चालतील तो वाचायचा, असं सगळीकडेच चालतं. पण या वाघाला तेवढ्यावर भागेना. त्याला फुकटचं हवं होतं.

ते त्याने कसं मिळवलं ते ऐका. वाघ दिसला की वानर झाडावरून खाकरतं, चितळ कूक देतं, भेकर भुंकतं. हे कोणी शिकवावं लागत नाही. एकाने आरोळी दिली की सगळे सावध होतात आणि सगळे सावध झाले की वाघाला हात हलवत परत जावं लागतं. या वाघाने हुकूमच काढला, की यापुढे आपल्याला बघून कोणी ओरडायचं नाही की पळायचं नाही. ओरडणं म्हणजे राजाचा अपमान. पहिल्याच दिवशी एका वानराने सवयीने आरोळी दिली. त्याला सगळ्यांसमोर फाडलं. मग काय, वाघ चरत्या कळपात सरळ चालत जाई, हवा तो निवडी, आणि बाकीचे खाली मान घालून गवत खात राहत. घास गिळवत नसे, तरी खात. कोल्हा हा वाघाचा दिवाण. तो रोज सकाळी उंच दगडावर उभा राहून सांगे, की जंगलात शांतता नांदते आहे. मला विचाराल तर त्याच्या एक थोबाडीत द्यायला हवी होती. पण द्यायची कोणी?

या वाघाला एक मुलगा होता. सगळे त्याला युवराज म्हणत. त्याचे लाड काय विचारता! झोपायला थंडगार गुहा, खाली रोज नवं मऊ गवत, माश्या वारायला दोन मुंगसं. शिकारीतलं काळीज त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असे. त्याने नुसती जांभई दिली तरी मोर पिसारा फुलवून नाचू लागे. सशांशी शर्यत लावली की ससे अर्ध्या वाटेत ठेचकाळून पडत आणि लंगडत लंगडत युवराज जिंकल्याचं सांगत. बिचाऱ्याला वाटे, जगातले सगळे ससे लंगडेच असतात.

पण तुम्ही त्याचा हेवा करू नका. एकदा तो सहज म्हणाला, की त्या म्हाताऱ्या साळिंदराचं तोंड मला आवडत नाही. दुसऱ्या दिवसापासून साळिंदर दिसेना. विचारलं तर कोल्हा म्हणाला, ते गावाला गेलं. पुढे एका खारीने त्याला हसवलं. त्याने घरी येऊन तिचं कौतुक केलं, तर तिला धरून आणून गुहेत बसवलं, युवराजांना रोज हसवायला. आठव्या दिवशी ती झुरून मेली. तेव्हापासून पोरगा कोणाविषयी चांगलं बोलेना की वाईट बोलेना. आपण तोंड उघडलं की कोणाचं तरी वाटोळं होतं, एवढं त्याला कळून चुकलं होतं. वडिलांसमोर मुकाट जेवायचं, हो आबा म्हणायचं आणि उठायचं. त्याच्याइतका एकटा जीव त्या जंगलात दुसरा नव्हता.

एके दिवशी नदीपलीकडचं रान वणव्यात जळालं आणि तिकडून एक भेकर इकडे आलं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटंसं हरीण. त्याला इथले कायदे ठाऊक नव्हते. युवराजाला बघून ते आधी दचकलं. पण पोट भरलेल्या वाघाची चाल वेगळी असते आणि ती भेकराला बरोबर कळते. हा तर नाकापर्यंत जेवलेला! म्हणून ते तिथेच उभं राहिलं. युवराजाने विचारलं, धबधब्यापर्यंत शर्यत लावायची का? भेकर हो म्हणालं, सुटलं आणि हा धापा टाकत पोचला तेव्हा ते पोटभर पाणी पिऊन बसलं होतं. आपण हरलो हे समजायलाच युवराजाला थोडा वेळ लागला. मग तो इतका हसला, की हसता हसता खाली बसला.

त्यानंतर दोघं रोज दुपारी धबधब्यापाशी भेटू लागले. भेकर फटकळ होतं. त्याने चार दिवसांत जंगलात चौकशी केली आणि युवराजाला तोंडावर सांगितलं, की ससे लंगडे नाहीत, ते मुद्दाम पडतात. साळिंदर गावाला गेलेलं नाही. ते कुठे गेलं हेही सांगितलं. युवराज दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, की तुमच्या रानात वाघ आल्यावर तुम्ही काय करायचात? भेकराने आरोळी देऊन दाखवली. धबधब्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जाण्याची भीती नव्हती.

"पण ओरडणाऱ्याकडे वाघाचं लक्ष आधी जात असेल ना?" युवराजाने विचारलं.

"जातं की," भेकर म्हणालं. "पण बाकीच्यांना पळायला वेळ मिळतो."

युवराजाने हट्टच धरला, की मलाही शिकव. वाघाच्या घशातून भेकराची आरोळी काढायची म्हणजे काय सोपं काम! सुरुवातीला तर त्याच्या घशात हाड अडकल्यासारखा आवाज निघे आणि भेकर लोळून लोळून हसे. महिनाभर घसा खरवडल्यावर कुठे त्याला ती बरी जमू लागली.

आणि मग त्याच्या हातून चूक झाली. अशी चूक, की जी तुमच्या-माझ्या घरात चूक ठरलीच नसती. एका संध्याकाळी तो फार खुशीत होता. जेवताना बेसावधपणे बोलून गेला, की आबा, मी आज पुन्हा शर्यत हरलो. वाघाने मान वर केली आणि अगदी प्रेमाने विचारलं, कोणाकडून? पोरगा आनंदाच्या भरात सांगून बसला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण आता काय उपयोग! वाघ हसला. म्हणाला, "वा. तुझ्या पहिल्या शिकारीला तेच घेऊ."

पहिली शिकार म्हणजे त्या घराण्यातला मोठा समारंभ. भर दुपारी सगळ्या जंगलाला माळावर बोलवायचं, एक जनावर वेलींनी बांधून मधोमध उभं करायचं आणि राजपुत्राने सगळ्यांदेखत त्याचा गळा धरायचा. तो धरला की राजपुत्र गादीचा वारस झाला. बांधलेल्या जनावराने मरण्याआधी, मी धन्य झालो, असं म्हणायचं. तेसुद्धा कोल्हा आधी पाठ करून घेई. लाज वाटायला हवी की नको?

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाघाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या तरसांनी भेकराला धरलं. युवराजाने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, हवं तर मला उपाशी ठेवा, गादी नको, पण त्याला सोडा. वाघाने शांतपणे त्याला उठवलं.

"तू नाही मारलंस तर त्याला तरसं मारतील, आणि ती हळूहळू मारतात," तो म्हणाला. "तुला दया करायची आहे ना? मग लवकर मार."

बघा मुलांनो, कसं असतं ते. ज्याच्या हातात सगळं असतं तो आपल्यापुढे दोनच वाटा ठेवतो आणि दोन्ही त्याच्याच घराकडे जातात. युवराज वळून चालू लागला. त्याला माळाकडे जाताना बघून सगळ्यांना वाटलं, पोरगा तयार झाला.

माळ गच्च भरला होता. पुढे चितळं, मागे सांबरं, कडेच्या झाडांवर वानरं. वाघ उंच दगडावर बसला होता आणि तरसं चारी बाजूंनी उभी होती. मधोमध वेलींनी बांधलेलं भेकर उभं होतं. कोल्ह्याने खूण केली तरी त्याने, मी धन्य झालो, असं काही म्हटलं नाही. ते नुसतं युवराजाकडे बघत राहिलं. युवराज चालत त्याच्यापाशी आला. मग तो वळला, दगडावर बसलेल्या आपल्या बापाकडे त्याने तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून भेकराची आरोळी दिली.

एवढ्या वर्षांत तो आवाज त्या जंगलात झाला नव्हता. सगळे जागच्या जागी थिजले. कोल्ह्याला तर हे रडणं आहे की गाणं, तेच कळेना. युवराजाने दुसऱ्यांदा आरोळी दिली. वाघ दगडावरून उठला आणि गरजला, "तोंड बंद कर." युवराजाने तिसऱ्यांदा दिली. वाघाने झेप घेतली, एका फटक्यात त्याचा कान फाडला आणि त्याला खाली पाडलं. पडल्या जागेवरून युवराजाने चौथी दिली.

तेव्हा झाडावरून एक म्हातारी वानरीण खाकरली. हुकमाच्या पहिल्या दिवशी फाडलेलं वानर तिचाच मुलगा होता. तिच्या पाठोपाठ दुसरं वानर, मग तिसरं, मग चितळांची कूक, मग मोर, मग सगळेच. आणि एकदा आरोळी कानात शिरली की पाय कोणाचं ऐकत नाहीत, राजाचंसुद्धा नाही. शेकडो जनावरं एकदम उधळली. तरसं त्या खुरांखाली तुडवली गेली, कोल्हा काटेरी झुडपात जाऊन पडला. वाघ चहूकडे बघत राहिला, कोणाला धरावं ते त्याला समजेना. त्या गोंधळात युवराजाने दातांनी भेकराच्या वेली तोडल्या आणि दोघं झाडीत दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी वाघ शिकारीला निघाला. गुहेबाहेर दहा पावलं टाकतो न टाकतो तोच वरून वानर खाकरलं. तो नदीकडे वळला, तिथे टिटवी ओरडली. तो गवतात दबला, तिथे चितळाने कूक दिली. एकेकाला फाडायचं म्हटलं तरी आधी तो हाताला लागायला हवा ना! सगळ्यांना तो कुठे आहे हे माहीत होतं आणि त्याला कोणी दिसत नव्हतं. इतकी वर्षं आयतं खाऊन त्याची दबा धरायची सवयही मोडली होती. पाच दिवस त्याला काही मिळालं नाही. उष्टं संपल्याबरोबर उरलीसुरली तरसं निघून गेली. त्यांच्या मागोमाग कोल्हाही गेला, निरोप घ्यायलासुद्धा थांबला नाही.

सहाव्या दिवशी वाघ मुलाला शोधत धबधब्याखालच्या ओढ्यापाशी आला. तो खूप वाळला होता. मुलाला तसं बघवलं नाही, कारण काही झालं तरी बाप होता तो. वाघ खाली बसला आणि समजुतीने बोलू लागला. म्हणाला, जे झालं ते मी विसरतो, तू फक्त त्यांना सांग की गप्प बसा, तुझं ऐकतील.

"नाही सांगणार, आबा," मुलगा म्हणाला.

"मूर्खा, तू गवत खाणार आहेस का?" वाघ म्हणाला. "तूही वाघच आहेस. उद्या ते तुझ्यासाठीही ओरडतील."

"ओरडू देत. मला पळून जाणाऱ्याच्या मागे पळता आलं तर मी खाईन, नाहीतर मरेन. पण मान खाली घालून उभ्या राहिलेल्याला मी खाणार नाही. तुम्हीही इथे राहू शकता. पण शिकार पळून करावी लागेल."

 वाघ उठला आणि एकटाच डोंगर चढून पलीकडे गेला. मुलगा तो दिसेनासा होईपर्यंत उभा होता. रडलाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढे जंगलाची सभा भरली. मोराने सुचवलं, की युवराजांचे आपल्यावर एवढे उपकार आहेत, तर त्यांच्यापुरती तरी आरोळी बंद ठेवू. बऱ्याच माना डोलल्या. जुनी सवय हो, लवकर जात नाही. तो फाटक्या कानाचा पोरगा ताडकन उठला. म्हणाला, आजपासून मला युवराज म्हणू नका, आणि माझ्यासाठी आरोळी बंद केलीत तर उद्या माझाही आबा होईल. तुम्हाला उपकार फेडायचे असतील तर एवढंच करा, मी दिसलो की ओरडा.

सभा उठली. तोवर त्याने ओढ्यातल्या मासे-खेकड्यांवर दिवस काढले होते. चार दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरीखुरी शिकार करायला निघाला. पोट जमिनीला लावून, श्वास रोखून तो करवंदीच्या जाळीआडून पुढे सरकत होता. चितळांचा कळप अगदी टप्प्यात आला होता. तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून आरोळी उठली आणि कळप क्षणात नाहीसा झाला. त्याने वर बघितलं. आरोळी देणारं त्याचं भेकरच होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भेकराने मान वळवली नाही, आणि ते पुन्हा एकदा ओरडलं. तो उपाशीपोटी मागे फिरला. पण त्याची मान ताठ होती.

तात्पर्य : जुलूम आपल्याच घरातला असला आणि त्याच्याच जिवावर आपण वाढलो असलो, तरी त्याच्याविरुद्ध ओरडावं, आणि उद्या तीच आरोळी आपल्यावर उठली तर कोणाचं तोंड बंद करू नये.